विजेचा हिशेब तीन वर्षांत मागू नका

१९२५ साली सी. ई. पी. ब्रुक्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं एक हिशेब मांडला. जगभरच्या वेधशाळांच्या वह्यांत ‘आज गडगडाट ऐकू आला’ अशा नोंदी असत. त्या गोळा करून, एका गडगडाटी ढगात साधारण किती विजा चमकत असतील याचा अंदाज धरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पृथ्वीवर दर सेकंदाला सुमारे १०० विजा चमकतात. पुढं कित्येक दशकं हाच आकडा पुस्तकांतून फिरत राहिला. तो खोडला गेला २००३ साली. पाच वर्षं वरून पाहणाऱ्या एका उपग्रह-उपकरणाच्या नोंदी तपासून ह्यू ख्रिश्चन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की खरा आकडा ४४ च्या आसपास आहे, पाच इकडं किंवा पाच तिकडं.

एक आकडा निम्म्याखाली यायला ७८ वर्षं लागली. या दुरुस्तीमुळं कुणाचं छप्पर वाचलं नाही, कुणाचा जीव वाचला नाही. मग असल्या गोष्टींवर सार्वजनिक पैसा का घालवायचा, असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढू नये. प्रश्न रास्त आहे. त्याचं जे उत्तर नेहमी दिलं जातं, ते मात्र मला पटत नाही. आणि त्या उत्तरावरच बहुतेक देशांतली संशोधन-अनुदानाची पद्धत उभी आहे.

नेहमीचं उत्तर असं: विजांचा अभ्यास केला की माणसं वाचतात. संशोधन-प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच. ते खोटं नाही, पण पुराव्यापुढं उभं केलं की लंगडतं. अमेरिकेत १९४० च्या दशकात बहुतेक वर्षी तीनशेच्या वर माणसं वीज पडून मरत. आज, लोकसंख्या दुपटीहून जास्त झालेली असताना, हा आकडा बहुतेक वर्षी वीसच्या आसपास किंवा त्याखाली असतो. ही घट कशानं झाली? उघड्या शेतात दिवसभर राबणारी माणसं कमी झाली. घरांत विजेच्या तारा आणि धातूचे नळ आले, आणि वरून कोसळलेला प्रवाह माणसाऐवजी त्यांतून जमिनीत जाऊ लागला. बंद मोटारी आल्या. थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करण्याची रीत सर्वसामान्यांना माहीत झाली. गडगडाट ऐकू येताच आत जावं, हे सांगायला उपग्रह लागत नाही. केवळ जीव वाचवणं एवढाच हेतू असेल तर पैसा आसऱ्याच्या जागा बांधण्यावर आणि इशारा शेवटच्या माणसापर्यंत पोचवण्यावर खर्च व्हावा, असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही.

भांडण पुढच्या पायरीवर आहे. ‘जीव वाचतील’ असं एकदा लिहून दिलं, की साहजिकच प्रश्न येतो, ‘कधीपर्यंत?’ आणि उत्तर अनुदानाच्या मुदतीत बसावं लागतं. ही मुदत बहुधा तीन वर्षांची असते. पहिलं वर्ष उपकरणं मागवण्यात आणि परवानग्यांत जातं. तिसरं अहवाल लिहिण्यात आणि पुढच्या अनुदानाचा अर्ज भरण्यात. मधला एक हंगाम निसर्गाच्या मर्जीवर. २००९ साली अमेरिकेत ‘व्हॉर्टेक्स-२’ ही टोरनॅडोंचा माग काढणारी मोठी मोहीम निघाली. शंभरावर शास्त्रज्ञ, गाड्यांवर बसवलेली रडार, सगळा लवाजमा तयार. आणि तो हंगाम नेमका थंडा गेला. वायोमिंगमध्ये ५ जूनला एक टोरनॅडो नीट हाती लागला, म्हणून ते वर्ष अगदीच कोरडं गेलं नाही. सुदैवानं मोहिमेला २०१० चा दुसरा हंगाम मंजूर होता. एकाच हंगामाची मोहीम असती तर तिच्यावर अपयशाचा शिक्का बसला असता, आणि तो शास्त्रज्ञांवर बसला असता, आकाशावर नव्हे.

बाष्प, वादळं आणि विजा यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द बाहेरून पाहिली तर विस्कळीत वाटते. विद्यार्थी असताना गारठवलेल्या पेटीत बर्फाचे स्फटिक एकमेकांवर आपटत बसायचं. मग फुग्यांबरोबर आर्द्रतामापक वर सोडायचे. मग विमानातून ढगात शिरायचं, मग उपग्रहाच्या नोंदी चाळायच्या. निवड-समितीला हे धरसोडीचं वाटतं. वास्तविक या सगळ्यामागं एकच प्रक्रिया आहे. एक किलो बाष्प आपल्यासोबत सुमारे २५ लाख ज्यूल सुप्त उष्णता घेऊन वर चढतं. वर थंडाव्यात त्याचे थेंब झाले की ती उष्णता बाहेर पडते, ढगातली हवा आणखी हलकी होऊन उसळते. पाणी गोठायला लागतं त्या उंचीच्याही वर, उणे दहा ते उणे वीस अंशांच्या पट्ट्यात, न गोठलेलं अतिशीत पाणी, बर्फाचे बारीक स्फटिक आणि भुसभुशीत मऊ गारा हे सगळं एकत्र घुसळतं. स्फटिक गारेवर आपटून उडतो तेव्हा दोघांत विद्युतभाराची देवघेव होते. हलके स्फटिक बहुतेक वेळा धनभार घेऊन माथ्याकडं जातात, जड गारा ऋणभार घेऊन खाली रेंगाळतात. दोन भारांतलं अंतर वाढत जातं आणि वीज चमकते. तेव्हा बाष्प मोजणारा आणि वीज मोजणारा एकाच प्रक्रियेच्या दोन टोकांना उभा असतो.

आणि या प्रक्रियेचा गाभा अजून पुरता उलगडलेला नाही, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७८ मध्ये त्सुतोमू ताकाहाशी यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की तापमान आणि ढगातलं पाणी यांनुसार गारेवरचा भार धन की ऋण हे पालटतं. मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तसंच पालटणं दिसलं, पण ते नेमकं कुठं होतं यावर दोघांचे आलेख जुळले नाहीत. रेणूंच्या पातळीवर हे का घडतं, यावर आजही एकमत नाही. आणखी एक अडचण अशी, की ढगात फुगे सोडून मोजलेलं विद्युतक्षेत्र हवा भेदायला लागणाऱ्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या भागाइतकंच भरतं. मग पहिली ठिणगी पडते तरी कशी? बेंजामिन फ्रँकलिननं ढगातली वीज म्हणजे विद्युतच असं सुचवल्याला पावणेतीनशे वर्षं होत आली, तरी हा प्रश्न प्रयोगशाळांतून चर्चेत आहे.

या ठिणगीच्या प्रश्नाला एक वाट दाखवली ती सी. टी. आर. विल्सन या स्कॉटिश माणसानं. १८९४ च्या सप्टेंबरात तो बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावरच्या वेधशाळेत दोन आठवडे कामाला होता. ढगांवर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत कडी त्यानं पाहिली आणि तशी कडी प्रयोगशाळेत करून बघावीत म्हणून तो कृत्रिम ढग बनवायला लागला. त्यातून मेघकोष्ठ नावाचं उपकरण निघालं, ज्यात अणूहून सूक्ष्म कणांचे मार्ग दिसतात. १९२७ चं नोबेल त्याला या उपकरणासाठी मिळालं. त्याचं मन मात्र ढगांतच होतं. १९२५ च्या सुमारास त्यानं दोन गोष्टी कागदावर मांडल्या. एक, मोठ्या वादळाच्या वर, वातावरणाच्या उंच थरांकडं, क्षणिक विद्युत-विसर्जन, म्हणजे विजेसारखी चमक, होत असणार. दोन, ढगातल्या तीव्र क्षेत्रात काही इलेक्ट्रॉन इतके वेग घेतील की हवेच्या अडथळ्याला जुमानणार नाहीत; असे इलेक्ट्रॉन हवेच्या अणूंवर आदळले की गॅमा किरण निघतात. पहिली गोष्ट १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या मंडळींच्या कॅमेऱ्यात सापडली, ते रॉकेटवर न्यायचा मंद प्रकाशाचा कॅमेरा तपासत असताना, निव्वळ अपघातानं. दुसरीची खूण १९९४ मध्ये जाहीर झाली: दूरच्या अवकाशातले गॅमा किरणांचे स्फोट शोधायला पाठवलेल्या उपग्रहाला तसेच स्फोट खाली, पृथ्वीवरच्या गडगडाटी ढगांतून येताना दिसले. विल्सननं गडगडाटी ढगांच्या विद्युतभारावरचा शेवटचा निबंध १९५६ मध्ये छापला. तेव्हा तो ८७ वर्षांचा होता. ज्या बेन नेव्हिसवरून हे सगळं सुरू झालं ती वेधशाळा १९०४ मध्येच बंद पडली होती, पैसे नाहीत म्हणून.

विल्सनची गोष्ट शास्त्रज्ञ मंडळी फार आवडीनं सांगतात आणि तिचं तात्पर्य काढतात, की प्रतिभावंताला मोकळं सोडा. मला ते तात्पर्य मान्य नाही. दर पिढीत विल्सन निघत नाहीत, आणि धोरण अपवादांवर बेतता येत नाही. माझं म्हणणं जास्त साधं आहे. या विषयात लांब मुदत ही शास्त्रज्ञाची चैन नाही. ती मोजमापाचीच गरज आहे.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण टीआरएमएम (ट्रॉपिकल रेनफॉल मेजरिंग मिशन) या उपग्रहाचं. नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावरून तो निघाला. उष्ण कटिबंधातला पाऊस मोजणं हे त्याचं मुख्य काम, आणि सोबत विजा टिपणारं एक छोटं उपकरण. उपग्रह इतक्या खालून आणि वेगानं फिरायचा, की जमिनीवरची कुठलीही एक जागा त्याला एका फेरीत फार तर दीड मिनिट दिसे. आता विचार करा: पृथ्वीवर सर्वांत जास्त विजा कुठं चमकतात, हे दीड-दीड मिनिटांच्या तुकड्यांतून ठरवायचं आहे. दहा-अकरा किलोमीटर बाजूच्या चौकटींचा नकाशा हवा असेल, तर तितके तुकडे जमायला वर्षानुवर्षं लागणार. रेचल आल्ब्रेख्त आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये तो नकाशा छापला तेव्हा त्यामागं १६ वर्षांच्या नोंदी होत्या. आधी पहिला मान आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्याला दिला जाई. या नकाशानं तो व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकडं नेला: दर चौरस किलोमीटरवर वर्षाला २३३ विजा. ही सोळा वर्षं कुणाच्या आळसाची नव्हती. कक्षेच्या गणिताची होती.

आणि हा उपग्रह बांधला होता तीन वर्षांसाठी. इंधन पुरावं म्हणून २००१ मध्ये त्याची कक्षा ३५० किलोमीटरवरून सुमारे ४०० किलोमीटरवर उचलली गेली. २००४ मध्ये नासानं तो बंद करायचं जाहीर केलं. काम ठरल्यापेक्षा दुप्पट झालं होतं, खर्च चालू होता, त्यामुळं कागदावर निर्णय शहाणपणाचाच होता. हवामानशास्त्रज्ञांनी आणि चक्रीवादळांचे अंदाज देणाऱ्यांनी ओरडा केला, मुदतवाढ मिळाली, आणि उपग्रह २०१५ च्या एप्रिलपर्यंत काम देत राहिला. २००४ मध्ये तो विझवला असता तर हाती सात वर्षांच्याही आतल्या नोंदी राहिल्या असत्या आणि माराकायबोचा नकाशा त्या बारकाव्यानं निघाला नसता.

या कथेचं शेपूट मला मूळ कथेपेक्षा महत्त्वाचं वाटतं. त्या वीज-टिप्या उपकरणाचा एक जादा नग १९९० च्या दशकात बनवून ठेवला होता. तो फेब्रुवारी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवण्यात आला आणि २०२३ पर्यंत चालला. जुन्या उपकरणाचं जुळं भावंडं, त्यामुळं दोन्हींच्या नोंदी एकमेकींशी ताडता आल्या, आणि स्थानकाची कक्षा जास्त उत्तर-दक्षिण जाते म्हणून पूर्वी न दिसलेले प्रदेशही दिसले. इतक्या जुन्या यंत्राच्या खोडी लक्षात ठेवणारी माणसं तोवर कामावर होती, म्हणून हे जमलं. मूळ चमूतले रिचर्ड ब्लेकस्लीच या दुसऱ्या मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख होते. तीन-तीन वर्षांच्या कंत्राटांवर माणसं येत-जात राहिली असती, तर तो नग कुठल्या तरी गोदामाच्या यादीतला एक क्रमांक होऊन राहिला असता.

माणसाचं हे महत्त्व कमी लेखलं जातं. विजांचा आलेख वर चढताना दिसला तर दोन शक्यता असतात: विजा वाढल्या, किंवा विजा पकडणारे सेन्सर वाढले. २०२१ मध्ये जमिनीवरच्या एका जागतिक जाळ्याच्या नोंदींवरून सांगितलं गेलं, की २०१० ते २०२० या काळात जगातल्या एकूण विजांमधला आर्क्टिकमधल्या उन्हाळी विजांचा वाटा जवळपास तिप्पट झाला. दुसऱ्या एका जाळ्याच्या नोंदींत तशी चढण दिसली नाही. कोण बरोबर, हे संगणक सांगू शकत नाही. कुठला सेन्सर कोणत्या वर्षी बसवला, कधी बिघडला, गणनेची पद्धत कधी बदलली, हे ज्याच्या डोक्यात आणि वहीत आहे असा माणूस लागतो. हे काम करणाऱ्यांना बढत्या मिळत नाहीत, कारण त्यांच्या नावावर खळबळजनक निबंध नसतात. अ‍ॅना मणी यांनी भारताच्या हवामान खात्यात जवळजवळ शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले. आयुष्यभराच्या या कामातून कुठला ‘मणी सिद्धांत’ निघाला नाही. पण देशभर एकाच पट्टीनं मोजमाप होऊ लागल्याशिवाय कुणाचाच सिद्धांत तपासून पाहता येत नाही.

बाष्पाची बाजू तर आणखी चिवट. बाष्पाचा रेणू हवेत सरासरी आठ-दहा दिवस राहतो, मग पाऊस होऊन खाली येतो. तापमान एक अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. सोपं वाटतं. पण पंधरा-वीस किलोमीटरच्या वर, स्थितांबरात, बाष्प अतिशय कमी असतं. तिथं दशलक्ष रेणूंमागं बाष्पाचे चार-पाच रेणू असतात, आणि साधे आर्द्रतामापक तिथं निरुपयोगी ठरतात. अमेरिकेत बोल्डर इथून १९८० पासून एक खास मापक फुग्याबरोबर नियमित सोडला जातो. आरसा गारठवून त्यावर हिमकण कधी धरतात ते पाहायचं, एवढंच त्याचं तत्त्व. महिन्यामागून महिने तेच काम. सुमारे वीस वर्षं हा आलेख हळूहळू चढत होता. २००० नंतर स्थितांबरातलं बाष्प अचानक दहाएक टक्क्यांनी घटलं. सुझन सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की या घटीमुळं त्या दशकातली तापमानवाढ जवळपास पाव हिश्शानं मंदावली असावी. मंदावलेली तापमानवाढ हा तेव्हा जगभर राजकीय वादाचा विषय झाला होता, आणि त्यातला एक धागा त्या कंटाळवाण्या फुग्यांनी पकडून दिला. त्या फुग्यांचं अनुदान १९९५ मध्ये कुणी ‘नवीन काय मिळालं?’ असं विचारून थांबवलं असतं, तर पुढं येणाऱ्या या घटीचा एकही पुरावा त्या वर्षी त्याच्यापुढं ठेवता आला नसता.

१५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळ हुंगा ज्वालामुखीचा समुद्राखालून स्फोट झाला. लोट ५७ किलोमीटरवर गेला. त्यात मिनिटाला २,६०० हून अधिक विजा नोंदल्या गेल्या. तोवर इतका दर कधी कुणी मोजला नव्हता. सुमारे १४.६ कोटी टन पाणी स्थितांबरात फेकलं गेलं, म्हणजे तिथं आधी असलेल्या बाष्पाच्या दहाएक टक्के. हे मोजता आलं कारण २००४ मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरचं उपकरण अपेक्षित आयुष्याच्या कितीतरी पुढं जाऊन अजून चालू होतं. ज्वालामुखी अनुदानाच्या वेळापत्रकानुसार फुटत नाहीत.

आता माझ्या मताला अडचणीची ठरणारी एक गोष्ट, आणि ती टाळणं बरोबर नाही. आश्वासनं देऊन उभ्या केलेल्या प्रकल्पांतूनही कधीकधी टिकाऊ काही निघतं. १९६२ ते १९८३ या काळात अमेरिकेनं ‘स्टॉर्मफ्युरी’ प्रकल्प चालवला. चक्रीवादळांवर सिल्व्हर आयोडाइड हे अतिशीत पाणी गोठवणारं रसायन फवारून त्यांचा जोर मोडायचा, असं आश्वासन. १९६९ च्या डेबी वादळाचे वारे फवारणीनंतर मंदावले तेव्हा जल्लोष झाला. पुढं कळलं, की चक्रीवादळांत फवारणीला लागणारं अतिशीत पाणी फारसं नसतंच, आणि वादळाच्या डोळ्याभोवतीची भिंत आपोआप मोडून नव्यानं बनत असते. वारे तसेही मंदावतात. आश्वासन खोटं ठरलं. पण त्या प्रकल्पाच्या निमित्तानं घेतलेली दोन पी-३ विमानं अर्धशतक होत आलं तरी चक्रीवादळांत शिरून मोजमापं घेत आहेत, आणि डोळ्याभोवतीच्या भिंतीचं ज्ञान आज प्रत्येक अंदाजात वापरलं जातं.

जोआन सिम्प्सन काही काळ याच प्रकल्पाच्या संचालक होत्या. १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. हवामानशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी स्त्री. या क्षेत्रात बाईमाणसाला नोकरी मिळायची नाही, हे त्यांना तोंडावर ऐकवलं गेलं होतं. १९५८ मध्ये हर्बर्ट रील यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की विषुववृत्ताजवळचे थोडेसेच उत्तुंग ढग बाष्पाची उष्णता वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या माथ्यापर्यंत वाहून नेतात आणि तेवढ्यावर पृथ्वीभरच्या हवेचं अभिसरण चालतं. हे अनुमान जगभर तपासायचं तर समुद्रावरचा पाऊस मोजायला हवा होता. १९८६ मध्ये त्यांच्याकडं टीआरएमएमची धुरा आली, ११ वर्षांनी तो उडाला, तेव्हा त्या ७४ वर्षांच्या होत्या. अनुमानापासून उपकरणापर्यंत ३९ वर्षं. त्यात फसलेला स्टॉर्मफ्युरीही आला. या कारकिर्दीचे तीन-तीन वर्षांचे तुकडे पाडून प्रत्येकाला गुण द्यायचे म्हटलं, तर कितीतरी तुकडे नापास होतील.

हल्ली दुसरा आक्षेप ऐकू येतो: कृत्रिम बुद्धिमत्ता आता दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात देते, मग एवढी उपकरणं आणि माणसं कशाला? गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट आणि हुवावेचं पांगू-वेदर ही २०२३ मधली प्रारूपं खरोखर थक्क करणारी आहेत. पण ती शिकली कशावर? युरोपीय हवामान केंद्रानं जुळवलेल्या, १९७९ पासूनच्या नोंदींवर. त्या वर्षी दिवसातून दोनदा फुगे सोडणाऱ्यांना आपण कुठल्या संगणकाला शिकवतो आहोत याची कल्पना असणं शक्य नव्हतं. शिवाय बदलत्या हवेत जुन्या नोंदींवर शिकलेलं यंत्र किती भरवशाचं, हे ठरवायलाही नव्या नोंदीच लागतात. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत ८२९ किलोमीटर पसरलेली एक वीज चमकली होती. तेव्हाच्या विश्लेषणात ती निसटली. साठवलेल्या नोंदी पुन्हा तपासल्यावर सापडली, आणि २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं विक्रम म्हणून तिला मान्यता दिली. आठ वर्षांपूर्वीच्या नोंदी पुसून टाकल्या असत्या तर ती वीज चमकलीच नव्हती असं आपण धरून चाललो असतो.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो प्रश्न अजून उघडाच आहे. तापमान वाढल्यावर विजा वाढतील की घटतील? डेव्हिड रॉम्प्स यांच्या चमूनं २०१४ मध्ये अमेरिकेपुरता हिशेब केला: अंशामागं सुमारे १२ टक्के वाढ. डेक्लन फिनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ढगातल्या बर्फाच्या प्रवाहावरून जगाचा हिशेब केला: तापमानवाढ जोरात झाल्यास शतकाअखेर १५ टक्के घट. एकाचा प्रदेश वेगळा, दुसऱ्याची पद्धत वेगळी, हे खरं. तरी उत्तराच्या आधी अधिक लावायचं की उणे, यावरच जर जाणत्यांचं एकमत नसेल, तर जंगलांत विजेमुळं लागणाऱ्या आगी, विजेमुळं तयार होणारी नायट्रोजनची संयुगं, त्यांतून घडणारा ओझोन, या सगळ्यांचे पुढचे अंदाज अधांतरी राहतात. हा वाद चतुर युक्तिवादानं मिटणारा नाही. तीस-चाळीस वर्षांची सलग, एका पट्टीनं मोजलेली नोंद लागेल.

लांब मुदतीच्या पैशाचा गैरफायदा घेतला जातो, हा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. कायम नोकरीत आळसावलेले शास्त्रज्ञ असतात, कुणी न उघडणारे नोंदसंग्रह असतात, सवयीनं चालू ठेवलेली केंद्रं असतात. म्हणून मला दोन पैसे वेगळे ठेवावेसे वाटतात. एखाद्या नेमक्या प्रश्नासाठीचं अनुदान तीन वर्षांचंच असू दे. स्पर्धा तिथं चांगलीच. नोंदींचा पैसा निराळा, निदान दहा वर्षांच्या मुदतीचा, आणि त्याची तपासणी एकाच कसोटीवर: या नोंदी मोजणाऱ्याखेरीज आणखी कुणी वापरल्या का? त्या पैशातच उपकरणांची आणि नोंदींची निगा राखणाऱ्यांच्या कायम जागा असाव्यात, आणि नवं उपकरण आल्यावर जुनं त्याच्या शेजारी काही काळ चालवायचा खर्चही धरलेला असावा. हा शेवटचा खर्च अर्थसंकल्पात पहिल्यांदा कापला जातो, आणि मग दोन आलेखांमधली पायरी हवामानातली की यंत्रातली, यावर पुढची वीस वर्षं निबंध लिहिले जातात.

पैसा कुठून आणायचा? मी काही गोष्टी बिनदिक्कत बंद करीन. अनेक देशांत दर हंगामात पाऊस पाडण्यासाठी किंवा गारा रोखण्यासाठी ढगांवर फवारण्या होतात, आणि त्यांतल्या कित्येकांत तुलनेसाठी न फवारलेले ढग ठेवलेलेच नसतात. पाऊस पडला तर श्रेय फवारणीला, नाही पडला तर दोष ढगाला. तिथं काही शिकण्याची सोयच नाही, तरी तिथं पैसा सहज मिळतो, कारण तिथं आश्वासन आहे आणि तारीख आहे. तशा योजनांना एकच अट घालावी: अर्धे ढग चिठ्ठी टाकून वगळा आणि निकाल जाहीर करा. जे ही अट नाकारतील त्यांचं अनुदान काढून घेऊन महिन्याच्या महिन्याला फुगा सोडणाऱ्या केंद्रांना द्यावं.